हात माझा, शिक्का दुसऱ्याचा

प्रश्न : सर, मी कराड तालुक्यातल्या एका गावचा. वय २२. दहावीला ६२ टक्के, नंतर बारावी आर्ट्स. चार वर्षं झाली, आमच्याकडच्या एका अण्णांच्या हाताखाली वायरिंगची कामं करतो. ६०० रुपये रोज मिळतो, महिन्यातले २२ दिवस काम लागतं. घराचं वायरिंग, मोटारीचे स्टार्टर, पॅनल, सगळं येतं. घरचे म्हणतात, आयटीआय कर. जवळच्या एका खाजगी आयटीआयनं वर्षाला ४० हजार फी सांगितली. दोन वर्षं रोजगार बुडवून, ८० हजार भरून तो कागद आणला तर पैसे वसूल होतात का? आणखी एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात आहे. अण्णा वीस वर्षं हेच काम करतात. तरी नव्या मीटरच्या प्रत्येक टेस्ट रिपोर्टमागे ते एका लायसनवाल्याला दीड हजार रुपये देतात. महिन्याला असे सहा तरी रिपोर्ट होतात. तो माणूस जागेवर येतही नाही, नुसता शिक्का मारतो. अण्णांच्या वीस वर्षांना किंमत नाही आणि शिक्क्याला आहे, हे कसं?

उत्तर : मी सरकारी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा शिल्प निदेशक होतो. तुझ्या वयाची मुलं वर्षानुवर्षं माझ्यासमोर वर्कबेंचला उभी राहिली, म्हणून तुला ‘तू’च म्हणतो.

तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

भारतीय वीज नियम, १९५६ यातला ४५ वा नियम आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवा. ग्राहकाच्या जागेतलं विजेचं काम, मग ते नवं असो, वाढीव असो की दुरुस्तीचं, राज्य सरकारचं लायसन असलेल्या कंत्राटदारानंच करायचं. ते सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हायला हवं आणि हात लावणाऱ्या माणसाकडे परवाना हवा. पुढे १९५६ चे नियम गेले, २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, २०२३ साली तेही नव्यानं निघाले. ही अट मात्र हलली नाही. सूट आहे ती दिवा, पंखा, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणं बदलण्यापुरती, आणि तीही त्या बदलानं मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. म्हणजे जळालेला स्विच तू बदललास तर कायद्याची हरकत नाही. त्याच बोर्डावरून एसीचा नवा पॉइंट ओढलास की परवान्याची हद्द सुरू झाली.

तर कागद एक नाही, तीन आहेत : तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि कंत्राटदाराचं लायसन. आपल्याकडे अजून पुष्कळ जण या सगळ्याला मिळून ‘पीडब्ल्यूडीचं लायसन’ म्हणतात. गावात ‘वायरमन’ म्हटलं की लोकांना महावितरणचा, खांबावर चढणारा माणूस आठवतो, पण कायद्याच्या लेखी वायरमन म्हणजे हा परवाना खिशात असलेला माणूस. अण्णांकडे काम आहे, हात आहे, गिऱ्हाइकाचा विश्वास आहे. या तिन्हींतला कागद मात्र एकही नाही. म्हणून ते दीड हजार देतात.

त्या दीड हजारात ते काय विकत घेतात, हे नीट समजून घे. टेस्ट रिपोर्ट ही वीज कंपनीच्या खिडकीवर लागणारी पावती नव्हे. त्या कागदावर सही करणारा सांगतो की मी या घराच्या तारांना मेगर लावला, ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट दिलं आणि तारा व जमीन यांच्यामधला इन्सुलेशनचा विरोध किमान १ मेगओहम भरला. अर्थिंग तपासलं. स्विच फेजमध्येच आहेत, न्यूट्रलमध्ये नाहीत, हे पाहिलं. उद्या त्या घरात कुणाला शॉक बसला, शॉर्टसर्किटनं आग लागली, तर विद्युत निरीक्षक चौकशीला येतो तेव्हा पहिल्यांदा तो कागद मागतो. ‘हे मी पाहिलं आणि याला मी जबाबदार आहे’ असं सरकारदरबारी म्हणण्याचा अधिकार म्हणजे तो शिक्का. म्हणून त्याला किंमत आहे आणि असायलाच हवी. जागेवर न येता शिक्का मारणारा माणूस मात्र ती जबाबदारी न उचलता तिचे पैसे घेतो. अण्णांवर अन्याय होतो असं तुला वाटतं. मला त्याहून जास्त काळजी त्या सहा घरांची वाटते, जिथे मेगर गेलाच नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. इथे बहुतेक मुलं आणि त्यांचे आईवडील एक गल्लत करतात. आयटीआय केलं की शिक्का मिळतो, असं त्यांना वाटतं. तसं नाही. आयटीआयचं प्रमाणपत्र, म्हणजे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, सांगतं की तू अमुक व्यवसाय शिकलास आणि परीक्षा पास झालास. परवाना, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, लायसन हे सगळं राज्याच्या विद्युत खात्याकडून, वेगळ्या अर्जावर, वेगळ्या अटींवर मिळतं. तिथे शिक्षण आणि अनुभव दोन्ही मोजतात. हातात मान्यताप्राप्त शिक्षणाचा कागद असेल तर अनुभवाची वाट छोटी होते, नसेल तर लांबते. म्हणून आयटीआय ही पहिली पायरी समज. शिक्का शेवटच्या पायरीवर आहे.

या पहिल्या पायरीचा खर्च मांडू. तू ८० हजार लिहिलेस. फी हा या खर्चातला लहान हिस्सा आहे.

तुझा महिना १३,२०० रुपयांचा. आयटीआयची दोन वर्षं म्हणजे २४ महिने, म्हणजे ३ लाख १६ हजार ८०० रुपयांचा रोज. आयटीआयमध्ये ८० टक्के हजेरी लागते, तेव्हा रविवार आणि सुट्ट्या धरून महिन्याला पाच दिवस अण्णांकडे जाता येईल असं धरू. त्याचे दोन वर्षांत ७२ हजार परत येतील. उरला बुडीत रोज २ लाख ४४ हजार ८००. पुढे एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी करायचीच, ती का ते खाली सांगतो. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या शिकाऊला महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं आहे. काही मोठे कारखाने जास्त देतात, पण आपण किमानच धरू. म्हणजे त्या वर्षी महिन्याला ६,२०० कमी, वर्षाचे ७४,४००. बेरीज झाली ३ लाख १९ हजार २००. त्यात खाजगीची ८० हजार फी घातली की जवळजवळ चार लाख. फी पाच हिश्शांतला एक हिस्सा, बाकी चार हिस्से तुझे दिवस. सरकारी आयटीआयची फी तुला सांगितलेल्या रकमेच्या कितीतरी खाली असते, तिथे हा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास राहील. एसटीचा पास, वह्या, हत्यारांचा संच हे वेगळं, पण त्यानं हिशोब पालटत नाही.

ही रक्कम वसूल कशी होते, ते तू पुढे कुठे जाणार यावर आहे.

समजा, प्रमाणपत्र घेऊन तू पुन्हा अण्णांकडेच गेलास. अण्णा चांगले आहेत, ६०० चे ७०० करतील. दिवसाला १०० वाढले, म्हणजे वर्षाला २६,४००. सरकारी आयटीआयचा खर्च वसूल व्हायला बारा वर्षं, खाजगीचा व्हायला पंधरा. तोवर तू ३७–४० चा होशील. एवढ्यासाठी आयटीआय करायचं असेल तर माझं उत्तर स्पष्ट आहे : करू नकोस. मी आयुष्यभर आयटीआयमध्ये शिकवलं, तरी हे सांगतो, कारण अशी मुलं मी पाहिली आहेत. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागलं आणि मुलगा जिथून आला होता त्याच सायकलवर, त्याच रोजावर परत गेला.

समजा, तुझ्या डोक्यात महावितरण आहे. तुझ्या भागातल्या निम्म्या मुलांच्या असतं. विद्युत सहायक पदाची २०२३ ची जाहिरात बघ : ५,३४७ जागा, बारावी पास आणि सोबत वीजतंत्री किंवा तारतंत्री आयटीआय, वय १८ ते २७, मागास प्रवर्गांना सवलत. पहिली तीन वर्षं ठोक मानधन, १५, १६ आणि १७ हजार. म्हणजे तुझ्या आजच्या रोजापेक्षा तीन वर्षांत मिळून जास्तीचे येतात १ लाख ८०० रुपये. पण तीन वर्षं नीट गेली की तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी, भविष्य निर्वाह निधी, रजा, सुरक्षित नोकरी. खर्च तिथे भरून निघतो आणि वर उरतो. तुझी बारावी झाली आहे, ही तुझी जमेची बाजू. अडचण वयाची. आज २२, आयटीआय होईल तेव्हा २४, उमेदवारी संपेल तेव्हा २५. २७ ला दोनच वर्षं उरतात आणि जाहिरात काही दरवर्षी निघत नाही. रेल्वेचा असिस्टंट लोको पायलटही दहावी अधिक आयटीआयवर होतो, वीजतंत्री त्यात चालतो. २०२४ ची जाहिरात ५,६९६ जागांची निघाली आणि पुढे जागा वाढून १८,७९९ झाल्या. सुरुवातीचं मूळ वेतन १९,९००, आणि वयाची मर्यादाही महावितरणपेक्षा पुढची. स्पर्धा देशभराची आहे, अभ्यास वेगळा लागतो, पण दार उघडं आहे आणि आयटीआय किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा नसेल तर त्याच्या उंबऱ्यापर्यंतही जाता येत नाही. नोकरीच्या बाबतीत हाच या कागदाचा खरा उपयोग. अर्ज करण्याचा हक्क त्यानं मिळतो, पुढचं तुझ्यावर.

आणि समजा, तुला अण्णा व्हायचं आहे, पण शिक्क्यासकट. तुझ्या पत्रातले आकडे घेऊ. महिन्याला सहा टेस्ट रिपोर्ट, प्रत्येकी दीड हजार, म्हणजे महिन्याला ९,००० रुपये. वर्षाचे १ लाख ८ हजार अण्णांच्या खिशातून त्या माणसाच्या खिशात जातात. ही रक्कम तुझ्याकडेच राहिली तर सव्वातीन लाख तीन वर्षांत निघतात. बारा वर्षं कुठे आणि तीन कुठे. शिवाय हा फायदा शिक्क्यावर थांबत नाही. सोसायट्या, शाळा, ग्रामपंचायती, सरकारी निविदा, कारखान्यांची वार्षिक देखभालीची कंत्राटं, ही कामं लायसन नसलेल्याला मिळतच नाहीत.

मात्र हा तीन वर्षांचा हिशोब शेवटच्या पायरीवर पोचल्यानंतर सुरू होतो. मध्ये परवाना, अनुभव, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आहे. कंत्राटदाराच्या लायसनसाठी मेगर, अर्थ टेस्टर अशी मोजमापाची साधनं स्वतःची असावी लागतात. आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पर्यवेक्षकाची वाट त्यानं आखूड होते, पण आणखी दोन वर्षं जातात. वीस वर्षांपूर्वी अण्णांनी हा हिशोब मांडला नाही. रोज मिळत होता, घर चालत होतं, कागद राहून गेला. त्यांना दोष देत नाही. पण आज त्यांच्या खिशातून वर्षाला लाखाच्या वर रक्कम त्या राहून गेलेल्या कागदापायी जाते, हे तुझ्या डोळ्यांसमोर आहे.

आता पैशांपलीकडचं. तू लिहिलंस, ‘सगळं येतं’. तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. चार वर्षं रोज पाईपात वायर ओढणाऱ्या मुलाचा हात आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलापेक्षा चलाख असतो. तरी एक प्रसंग सांगतो.

ओळखीच्या एकांच्या नव्या बंगल्यात गीझर लावला की आरसीसीबी पडायची. दर वेळी. पंधरा वर्षं काम केलेल्या मिस्त्रीनं गीझर बदलून पाहिला, वायर बदलून पाहिली, शेवटी आरसीसीबीच काढली आणि लाईन थेट जोडली. गीझर चालू झाला. घरमालक खूश, मिस्त्रीला चहा-पोहे. मी गेलो तेव्हा बाथरूममध्ये आठ वर्षांची नात अंघोळ करत होती आणि गीझरच्या लाईनवर कसलंही संरक्षण उरलेलं नव्हतं.

आरसीसीबीच्या पोटात एक कडं असतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. जाणारा करंट आणि परत येणारा करंट सारखा असेल तर कडं शांत. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीत दोन्हींमध्ये तेवढा फरक पडला की ती समजते, कुठूनतरी करंट जमिनीत चालला आहे, कदाचित माणसाच्या अंगातून, आणि क्षणात लाईन तोडते. मी डीबी (वीज वाटपाची पेटी) उघडली. मूळ जोडणीत गीझरचा फेज आरसीसीबीतून आलेला होता, न्यूट्रल मात्र वाटेतल्या दुसऱ्या बोर्डावरून उसनी घेतलेली, आरसीसीबीच्या बाहेरची. जाणारा करंट कड्यातून जात होता आणि येणारा परस्पर दुसऱ्या वाटेनं. आरसीसीबी बरोबर होती. एक काळी तार एका लिंकवरून काढून दुसऱ्या लिंकवर लावायची होती. आरसीसीबी परत बसवायला धरून वीस मिनिटांचं काम झालं.

त्या मिस्त्रीचा हात माझ्यापेक्षा वेगवान होता. पण कड्यातून काय जातं हे त्याला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. वर्कशॉपमध्ये आम्ही ते दाखवतो. पहिल्या वर्षी मुलं ब्रिटानिया जॉइंट, मॅरीड जॉइंट, टी-जॉइंट करून कंटाळतात आणि विचारतात की आता कनेक्टर मिळतात तर हे कशाला. मग अर्थिंग, मीटर, ट्रान्सफॉर्मर येतात. दुसऱ्या वर्षी मोटारी, वाइंडिंग, कंट्रोल पॅनल. तिथे कुठेतरी एखाद्या दुपारी मुलगा सर्किट हातात घेऊन ‘का पडलं’ हे स्वतः शोधतो, आणि त्या दिवसापासून तो वेगळा माणूस होतो. या दुपारची किंमत वरच्या हिशोबात मी धरलेली नाही. ती रुपयांत मांडता येत नाही, पण त्या नातीच्या घरात तिला किंमत होती.

तुझ्या गावच्या धंद्याचाही विचार कर. आज तुमच्याकडे काम कशाचं? मोटार जळाली, स्टार्टर गेला, कपॅसिटर फुगला, डीपी गेली म्हणून चार दिवस पाणी बंद. राज्यानं २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आणली. त्याच वर्षी केंद्राची सूर्यघर योजना आली. एक कोटी घरांचं उद्दिष्ट आहे आणि ३ किलोवॅट व त्यावरच्या संचाला ७८ हजारांचं अनुदान. पाच-सात वर्षांत तुझ्या शिवारात पॅनल, कंट्रोलर, डीसीच्या तारा यांचं काम वाढणार. एसी करंटचं काम सवयीनं जमतं. डीसीत ठिणगी सहजी विझत नाही, चुकीची वायर, चुकीचा स्विच लावला तर आग लागते. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा ‘सूर्यमित्र’ हा ६०० तासांचा प्रशिक्षणक्रम आयटीआयनंतर करण्यासारखा आहे. ज्या मुलाला तत्त्व कळलं आहे, तो या बदलाबरोबर चालेल.

तर काय कर? सरकारी आयटीआयचा अर्ज भर. प्रवेश दहावीच्या गुणांवर, राज्याच्या व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन फेऱ्यांतून होतो. वयाची वरची अट नाही, तेव्हा २२ व्या वर्षी वर्गात बसायला संकोच करू नकोस, तुझ्यापेक्षा मोठी मुलंही येतात. ६२ टक्क्यांना वीजतंत्री मिळणं त्या वर्षीच्या गर्दीवर आहे, म्हणून पसंतीक्रमात कराडबरोबर आजूबाजूच्या तालुक्यांच्या संस्थाही घाल. तारतंत्री हा व्यवसाय आठवी पासलाही मिळतो आणि त्यात घरच्या वायरिंगवर भर असतो. तुला ते येतंच. वीजतंत्रीत मोटार, पॅनल, मशीन येतात, म्हणून वीजतंत्रीच धर. तो नाहीच मिळाला तर तारतंत्री घे, महावितरणला दोन्ही चालतात.

खाजगीत जायचं तर फी विचारण्याआधी दोन गोष्टी विचार : या व्यवसायाच्या या तुकडीला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी, पूर्वी एनसीव्हीटी) संलग्नता आहे का, आणि वर्कशॉप बघू का. वर्कशॉप दाखवायला टाळाटाळ केली तर पाय काढ. ‘हजेरीची काळजी करू नका, परीक्षेला या’ असं कुणी म्हणालं तर ८० हजारांचा कागद मिळेल, वर सांगितलेली दुपार मिळणार नाही. तीन-सहा महिन्यांचे ‘इलेक्ट्रिशियन डिप्लोमा’ विकणाऱ्यांपासून लांब राहा. महावितरण असो की रेल्वे, तो कागद अर्जाला जोडताही येत नाही.

शिकाऊ उमेदवारी सोडू नकोस. उमेदवारीनंतर वेगळी परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. पण मुख्य म्हणजे कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये वर्षभर राहिलास तर कुलूप-टॅग लावल्याशिवाय पॅनल न उघडण्याची शिस्त अंगात भिनते. साताऱ्याची एमआयडीसी असो की कोल्हापूरकडची, जवळचं शोध, म्हणजे खोलीभाडं वाचेल.

आणि अण्णांना हे पत्र दाखव. तू दोन वर्षं कमी येणार हे त्यांना आधी कळू दे. परवाना अनुभवावर घेण्याची वाट त्यांच्यासाठीही आहे, त्यासाठी त्यांनी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन अर्जाच्या अटी विचाराव्यात. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला त्या पायऱ्या चढणं जड वाटतं, मला माहीत आहे. तू सोबत जा. फॉर्म तू भर, सही त्यांना करू दे.

प्रश्न : माझी मुलगी दहावीला ७१ टक्क्यांनी पास झाली. तिला वीजतंत्रीच करायचं आहे. घरात सासूबाई, दीर सगळे म्हणतात, मुलीला खांबावर चढायला लावणार का? फी भरून तिला काम कोण देणार? (एक आई, सिन्नर)

उत्तर : ताई, आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात आणि वीजतंत्रीच्या वर्गात त्यातल्या कितीतरी रिकाम्या राहतात. तेव्हा ७१ टक्क्यांना चांगली सरकारी संस्था मिळण्याची शक्यता तिच्या बाजूनं आहे. म्हणजे खर्चाची बाजू हलकी. वरच्या मुलासारखा तिचा रोज बुडत नाही, कारण ती अजून कमावत नाही. तिच्यासाठी हिशोब त्याच्यापेक्षा सोपा आहे.

खांबाचं म्हणाल तर वीजतंत्रीच्या कामातला खांब हा लहानसा भाग. कंट्रोल पॅनल जोडणं, हार्नेस, मोटार वाइंडिंग, टेस्टिंग, या बाकांवर सिन्नर-सातपूरच्या कारखान्यांत मुली बसलेल्या दिसतील. वाइंडिंगच्या सरावात नीट मोजून वेढे घालणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांत मुली नेहमी पुढे असत. आणि ज्यांना खांबावर चढायचं होतं त्या चढल्याही. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत महिलांसाठी राखीव जागा असतात आणि लाईनवर काम करणाऱ्या बायका महाराष्ट्रानं पाहिल्या आहेत. सासूबाईंना आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये घेऊन जा. घरी बसून पटणार नाही ते तिथे दहा मिनिटांत पटेल.

प्रश्न : आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटचं पूर्ण रिवायरिंग करायचं आहे. एका मिस्त्रीनं लायसनवाल्यापेक्षा तीस टक्के कमी भाव सांगितला आणि म्हणाला, ‘रिपोर्ट आणून देतो, काळजी नको.’ घ्यावं का?

उत्तर : हे त्या अण्णांचंच दुसरं टोक. तुमच्या बाजूनं बघितलं तर तीस टक्के वाचतात ते नेमके मेगर, अर्थ टेस्टर आणि ते धरणाऱ्या माणसाचे.

मिस्त्री चांगला असेल तर त्याला काम जरूर द्या. फक्त आधी ठरवून घ्या की रिपोर्टवर ज्याची सही असेल, तो माणूस भिंती बुजवण्यापूर्वी एकदा आणि काम संपल्यावर एकदा, असा दोनदा घरी येईल. त्याचे पैसे वेगळे मागितले तर द्या. तो आला की त्याच्या शेजारी उभे राहा. सगळे एमसीबी बंद करून, उपकरणं आणि बल्ब काढून तो प्रत्येक सर्किटला मेगर लावतो का, ते पाहा. काटा किंवा आकडा तुम्हालाही दिसेल. शेवटी आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं लहान बटण त्याच्यासमोर तुम्ही स्वतः दाबा. घरातली लाईन गेली पाहिजे. नाही गेली, तर सही करू देऊ नका.